१२ कोटी ३४ लाख ५६ हजार ७८९ : एका मोठ्या संख्येची आतून ओळख

वही आणि पेन घ्या, तासभर मोकळा ठेवा. कॅल्क्युलेटर तूर्त बाजूला राहू द्या. आठ अंकी पडद्याच्या साध्या कॅल्क्युलेटरवर आपली संख्या मावणारच नाही. संख्या सगळ्यांच्या ओळखीची आहे: १२३४५६७८९. एक ते नऊ सलग लिहिलेले अंक. पासवर्ड म्हणून लोक ती सर्रास वापरतात (कृपया वापरू नका), पण तिच्या आत काय आहे हे फार थोड्यांनी पाहिलेले असते.

संख्यासिद्धान्ताची पुस्तके व्याख्यांपासून सुरू होतात आणि नवखा माणूस दुसऱ्या पानावर गळतो. माझ्या मते एकच मोठी संख्या घ्यावी आणि ती पूर्ण उलगडेपर्यंत सोडू नये. व्याख्या वाटेत भेटतात. भाग्यांक आणि मूलांक सांगणारे अंकज्योतिष वेगळे, त्याचा इथे काही संबंध नाही.

पायरी १ : शेवटचे अंक आणि अंकांची बेरीज

एकक स्थानी ९ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. शेवटचे दोन अंक ८९, त्यांना ४ ने भागले तर बाकी १. शेवटचे तीन अंक ७८९, त्यांना ८ ने भागले तर बाकी ५. या दोन बाक्या वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागतील.

आता अंकांची बेरीज: १ ते ९ मिळून ४५. ती ९ ने विभाज्य आहे, म्हणून संख्याही ९ ने विभाज्य. का? १०, १००, १००० यांपैकी कशालाही ९ ने भागले तरी बाकी १ उरते. त्यामुळे अंक कुठल्याही घरात बसला तरी ९ च्या दृष्टीने त्याची किंमत तेवढीच राहते. यातून एक सुंदर गोष्ट फुकट मिळते. १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदा वापरून ३,६२,८८० संख्या तयार होतात आणि त्या सगळ्या ९ ने विभाज्य असतात. त्यांत एकही मूळ संख्या नाही, आणि हे कळायला एकही भागाकार करावा लागला नाही.

भागून टाका: १२३४५६७८९ ÷ ९ = १३७१७४२१. याच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे आता ३ चाही भाग जात नाही. ३ चा हिशेब दोनदा होऊन संपला. पुढचे सगळे काम १३७१७४२१ वर.

पायरी २ : ७, ११ आणि १३ एकाच घावात

७ × ११ × १३ = १००१. हा गुणाकार पाठ करून टाका. हजार म्हणजे १००१ ला एक कमी, म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने अधिक-वजा केले की तिन्ही कसोट्या एकदम होतात. इथे आपली लाख-कोटीच्या स्वल्पविरामांची सवय आड येते. ते स्वल्पविराम काढून टाका आणि फक्त तीनचे गट पाडा:

४२१ − ७१७ + १३ = −२८३

आता फक्त २८३ तपासायचे. ७ ने भागले तर बाकी ३, ११ ने भागले तर ८, १३ ने भागले तर १०. तिन्ही बाद.

पायरी ३ : कुठवर भागत राहायचे?

एखाद्या संख्येचे दोन अवयव पडत असतील, तर त्यांतला लहान अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. दोन्ही मोठे असते तर गुणाकारही मोठा झाला असता. १३७१७४२१ चे वर्गमूळ किती? ३७०० चा वर्ग १३६९००००, ३७०३ चा १३७१२२०९, ३७०४ चा १३७१९६१६. म्हणजे वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ च्या मध्ये. संख्या पूर्ण वर्ग नाही, आणि भागाकार ३७०३ पर्यंत करत जावे लागतील.

सुरुवातीच्या १२३४५६७८९ चे वर्गमूळ तर पाच एकांच्या संख्येच्या, म्हणजे ११,१११ च्या, किंचित वर आहे. तिचा वर्ग १२३४५४३२१, आणि तो आपल्या संख्येपेक्षा २४६८ ने कमी आहे. १, २, ३, ४, ५ चढून परत उतरणारा वर्ग आणि फरक २, ४, ६, ८. याचा पुढे उपयोग काही नाही, पण पहिल्यांदा दिसले तेव्हा मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलो होतो.

पुन्हा कामाकडे. १७ ने भागले तर बाकी २, १९ ने भागले तर बाकी १०. असे पुढे जात राहिलात तर पहिला अवयव पाचशेहून जास्त मूळ संख्या तपासल्यावर हाती लागेल. संगणकाला ते डोळ्याची पापणी लवायच्या आत जमते. माणसाने मात्र पन्नास-शंभरपर्यंतच्या मूळ संख्या तपासून झाल्या की वाट बदलावी.

पायरी ४ : फर्माची वाट

ही युक्ती सतराव्या शतकातल्या पिएर द फर्मा या फ्रेंच गणितीची. पेशाने तो कायद्यातला माणूस. कल्पना आपण आठवीत शिकलेल्या सूत्रातच आहे:

अ² − ब² = (अ − ब)(अ + ब)

संख्या दोन वर्गांच्या फरकात मांडता आली की अवयव आपोआप पडतात. म्हणून वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करायची, त्याच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे. नसेल तर पुढचा पूर्णांक.

पहिला प्रयत्न ३७०४ चा. १३७१९६१६ − १३७१७४२१ = २१९५. हा वर्ग आहे का? वर्गमूळ काढायची गरजच नाही. ५ ने संपणारा पूर्ण वर्ग नेहमी २५ ने संपतो, हा ९५ ने संपतो. बाद.

दुसरा प्रयत्न ३७०५ चा. शेवटी ५ असल्यावर वर्ग तोंडी येतो: ३७० × ३७१ = १३७२७०, पुढे २५ लावा, १३७२७०२५. आता वजाबाकी सावकाश करा.

१३७२७०२५ − १३७१७४२१ = ९६०४

९६०४ म्हणजे १०००० − ४०० + ४, म्हणजेच ९८ चा वर्ग. झाले!

१३७१७४२१ = ३७०५² − ९८² = (३७०५ − ९८)(३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३

पाचशे भागाकारांऐवजी दोन वजाबाक्या. ही वजाबाकी स्वतःच्या हाताने केल्याशिवाय पुढे वाचू नका, एवढी माझी विनंती. ९६०४ समोर आल्यावर जो आनंद होतो तो वाचून मिळत नाही.

एवढ्या झटकन काम झाले याचे कारणही समजून घ्या. ३६०७ आणि ३८०३ एकमेकांच्या जवळ आहेत, दोघांत अंतर फक्त १९६. अवयव जवळजवळचे असले तर फर्माची वाट छोटी, लांबलांबचे असले तर तीच वाट साध्या भागाकारांपेक्षाही लांब पडते. म्हणून आधी लहान मूळ संख्यांनी भागून पाहायचे आणि मगच या वाटेला लागायचे.

यावर आजचे फार मोठे काम उभे आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी जी आरएसए सांकेतिक पद्धत मांडली, तिची सुरक्षितता दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार फोडणे अवघड असण्यावर अवलंबून आहे. त्या दोन मूळ संख्या चुकून जवळजवळच्या निवडल्या गेल्या तर शेकडो अंकी कुलूपही याच दोन ओळींच्या युक्तीने उघडते. त्याच वर्षी वाचकांपुढे आव्हान म्हणून एक १२९ अंकी संख्या ठेवली होती. ती १९९४ साली फुटली. ती फोडणाऱ्या पद्धतीच्या मुळाशीही वर्गांच्या फरकाचीच कल्पना होती, फक्त फार पुढे नेलेली.

पायरी ५ : ताळा

ही पायरी गाळू नका. जुने लोक गुणाकाराचा ताळा नवाने पाहायचे. ३६०७ च्या अंकांची बेरीज १६, म्हणजे ७. ३८०३ ची १४, म्हणजे ५. ७ × ५ = ३५, म्हणजे ८. तिकडे १३७१७४२१ ची बेरीज २६, म्हणजे ८. ताळा जुळला.

पण नवाच्या ताळ्यात एक भोक आहे. एका रात्री मी १३७१७४२१ उतरवून घेताना ४ आणि ७ ची अदलाबदल केली आणि १३७१४७२१ लिहिले. अंक तेच, म्हणून बेरीज तीच, म्हणून नवाचा ताळा बिनबोभाट जुळला. दीड तास चुकीच्या संख्येशी झटलो. तेव्हापासून मी अकराचाही ताळा घेतो. उजवीकडून अंक आळीपाळीने अधिक-वजा करायचे: १ − २ + ४ − ७ + १ − ७ + ३ − १ = −८, अकरा मिळवून ३. चुकीच्या संख्येत हेच −२ येते, म्हणजे ९. चूक लगेच उघडी पडली असती. शेजारशेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल अकराच्या ताळ्यातून कधीच सुटत नाही.

गुणाकाराचाही ताळा याच रीतीने पाहा. ११ ने भागल्यावर ३६०७ ची बाकी १०, ३८०३ ची ८. १० × ८ = ८०, त्याची बाकी ३. बरोबर.

पायरी ६ : ३६०७ आणि ३८०३ खरोखर मूळ आहेत का?

अवयव मिळाले म्हणजे ते मूळ असतीलच असे नाही. ३६०७ चे वर्गमूळ ६० च्या किंचित वर, म्हणून ५९ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. २, ३, ५ पाहताक्षणी बाद. पुढच्या बाक्या अशा: ७ ने २, ११ ने १०, १३ ने ६, १७ ने ३, १९ ने १६, २३ ने १९, २९ ने ११, ३१ नेही ११, ३७ ने १८, ४१ ने ४०, ४३ ने ३८, ४७ ने ३५, ५३ ने ३, ५९ ने ८. कुठेही शून्य नाही, म्हणून ३६०७ मूळ. ज्यांचे तिसापर्यंतचे पाढे पाठ आहेत त्यांना इथे फार कमी लिहावे लागते.

३८०३ साठी ६१ पर्यंत जायचे. हे तुमच्यावर सोडतो. १९ ने बाकी ३ आणि ६१ ने २१ येते, एवढे जुळवून पाहा.

आता पूर्ण मांडणी झाली:

१२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३

संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, क्रम तेवढा बदलतो. त्यामुळे ही ओळ म्हणजे या संख्येची कायमची ओळख.

पायरी ७ : एका ओळीतून बाकीचे सगळे

विभाजक किती? ३ एकदाही घेऊ नका, एकदा घ्या किंवा दोनदा घ्या, असे तीन पर्याय. ३६०७ घ्या किंवा सोडा, दोन. ३८०३ चेही दोन. ३ × २ × २ = १२. लिहून काढले तर १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, १३७१७४२१, ४११५२२६३ आणि संख्या स्वतः.

या बारांची बेरीज एकेक मिळवत न बसता करता येते: (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. कंस सोडवून पाहिलेत तर नेमके वरचे बारा विभाजकच बाहेर पडतात. यातून संख्या स्वतः वजा केली की ५,४९,६६,०२७ उरतात. हे संख्येपेक्षा कमी, म्हणून संख्या न्यून. ६ किंवा २८ यांच्यासारखी बरोबरी झाली असती तर तिला परिपूर्ण म्हटले असते.

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी एकही सामाईक अवयव नसलेल्या संख्या किती? दर तीनांत दोन टिकतात, मग दर ३६०७ मागे एक गळते, मग दर ३८०३ मागे एक. उत्तर ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. या मोजणीला ऑयलर या गणितीचे नाव आहे. आरएसएचे कुलूप नेमके याच आकड्यावर चालते, आणि अवयव माहीत नसतील तर तो काढायची सोपी वाट कोणाला सापडलेली नाही.

पायरी ८ : वर्गांच्या बेरजेत मांडता येते का?

इथे नवखे हमखास फसतात. कोपऱ्यात लिहिलेली पहिली बाकी काढा: ४ ने भागल्यावर १. अशी बाकी असलेली मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, उदाहरणार्थ १३ = ४ + ९. मग आपली संख्याही मांडता येईल असे वाटते. पण आपली संख्या मूळ नाही. खरा नियम असा की ४ ने भागल्यावर ३ बाकी राहणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला पाहिजे. ३ दोनदा आला आहे, चालेल. ३६०७ ची बाकी ३ आणि तो एकदाच. ३८०३ चेही तेच. म्हणून दोन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज १२३४५६७८९ कधीही होणार नाही. दोन ‘३ बाकी’वाले गुणले की बाकी १ दिसते आणि डोळा फसतो.

तीन वर्ग मात्र पुरतात. ८ ने भागल्यावर आपली बाकी ५ होती. ७ असती तर तीनही अपुरे पडले असते.

उलटी संख्या आणि मसावि

९८७६५४३२१ शी मसावि काढू. युक्लिडची रीत: मोठीला लहानने भागा आणि बाकी घ्या. १२३४५६७८९ × ८ = ९८७६५४३१२. बाकी ९. आणि ९ ने आपली संख्या विभाज्य आहे हे पहिल्याच पायरीत कळले. मसावि ९. अवयवही पाडावे लागले नाहीत. नऊ अंकी दोन संख्यांचा मसावि दोन ओळींत मिळतो, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे.

देवळालीच्या मास्तरांच्या कसोट्या

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ संख्यांना द्यायचे. त्यांनी घडवलेल्या कल्पना आज जगभर त्यांच्या नावाने शिकवतात. त्या आपल्या संख्येला लावू.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने विभाज्य असलेल्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, आनंद देणारी. आपली बेरीज ४५. ४५ ने भाग जायला शेवटी ० किंवा ५ हवा, आपल्याकडे ९. म्हणून हर्षद नाही.

दुसरी कल्पना स्वयंभू संख्यांची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. उदाहरणार्थ २३ + ५ = २८, म्हणून २३ ही २८ ची जनक. जिला कोणी जनकच नाही ती स्वयंभू. आपली संख्या स्वयंभू आहे का? जनक शोधायला नवाचा नियम कामी येतो. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच राहते, म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीतच असणार: ९, १८, २७, असे ८१ पर्यंत. आपल्या संख्येतून या नऊ बेरजा एकेक वजा करा: १२३४५६७८०, १२३४५६७७१, १२३४५६७६२, १२३४५६७५३, १२३४५६७४४, १२३४५६७३५, १२३४५६७२६, १२३४५६७१७, १२३४५६७०८. आता प्रत्येकाच्या अंकांची बेरीज करा. नऊच्या नऊ जणांची बेरीज ३६ येते! ३६ वजा करून मिळालेली त्यांत एकच, १२३४५६७५३. ताळा: १२३४५६७५३ + ३६ = १२३४५६७८९. म्हणजे स्वयंभू नाही, पण जनक अगदी एकुलता एक.

तिसरी गोष्ट सर्वांत प्रसिद्ध. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. आपल्या संख्येवर हेच करा:

९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२

उत्तराचे अंक मोजा. पुन्हा १ ते ९, प्रत्येक एकदाच. उतरते-चढते लावले की वरचीच वजाबाकी, उत्तर तेच. म्हणजे ८६४१९७५३२ हे नऊ अंकी जगातले ६१७४. एक फरक आहे: नऊ अंकांत असा थांबा एकच नाही. ५५४९९९४४५ वर हीच कृती करून पाहा, तीही जागची हलत नाही.

संगणकावर करताना

एक्सेल १५ अंकांच्या पुढचे अंक टिकवत नाही, तिथे गुपचूप शून्ये बसतात. संख्यांचे काम त्यात करू नका. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. लिनक्सवर ‘फॅक्टर’ ही आज्ञा देऊन पुढे आपली संख्या लिहिली की ३ ३ ३६०७ ३८०३ असे उत्तर क्षणात येते. पण ते हाताने काढून झाल्यावर पाहा.

आता पुढची संख्या देतो. २०२७६५१२८१. फर्माने आपली रीत समजावताना स्वतः हीच संख्या घेतली होती. तिचे वर्गमूळ ४५०२९ च्या जरा वर आहे, म्हणून ४५०३० पासून सुरुवात करा. प्रत्येक वेळी नवा वर्ग काढू नका. आधीच्या फरकात सलग दोन पूर्णांकांची बेरीज मिळवत जा, ४५०३० + ४५०३१, मग ४५०३१ + ४५०३२. पहिला फरक ४९६१९ यायला हवा. बाराव्या प्रयत्नाला जो फरक येईल त्याचे वर्गमूळ काढा.